आधी वाटा, मग राखण : मराठी चित्रपट महामंडळाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ,
कोल्हापूर

विषय : ओटीटीच्या करारांत लेखक, कलाकार, तंत्रज्ञांचा वाटा आणि पायरसीचा बंदोबस्त

सप्रेम नमस्कार.

मोठा मराठी चित्रपट लागला की आठवडाभरात एक व्हिडिओ येतोच. नायक-नायिका हात जोडून सांगतात, पायरेटेड कॉपी बघू नका, कुणी लिंक पाठवली तर आम्हाला कळवा, थिएटरात जाऊनच बघा. तोच निरोप मग युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. लेखकापासून लाइटमनपर्यंत सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं अशी अपेक्षा असते, आणि आम्ही ठेवतोही. टेलिग्रामवरच्या लिंका हुडकून निर्मात्याच्या ऑफिसला पाठवण्यात मराठी सिनेमातल्या सहायक दिग्दर्शकांच्या कितीतरी रात्री गेल्या आहेत.

त्या रात्रींचं बिल लावायला हे पत्र लिहीत नाही. प्रश्न त्याहून साधा आहे. ज्या चित्रपटाच्या ओटीटीच्या कमाईत आमचा एक रुपया नाही, त्याची चोरी झाली तर आमचं नेमकं काय चोरीला गेलं? सालगड्याला वर्षाचं ठरलेलं मिळतं. पीक घरात आलं काय आणि रानडुकरांनी खाल्लं काय, त्याच्या पदरात फरक पडत नाही. वाटेकरी मात्र कुणी न सांगता रात्री राखणीला जातो. ओटीटीने मराठी सिनेमातल्या माणसांना पुरतं सालगडी करून टाकलं आणि राखण मात्र वाटेकऱ्यासारखी मागितली जाते आहे. महामंडळाच्या बैठकीत मानधनाच्या तक्रारी एका विषयाखाली येतात, पायरसी दुसऱ्या. माझं म्हणणं असं की दोन्हींचा निकाल एकाच कागदावर लागतो, आणि तो कागद म्हणजे करार.

थिएटरच्या काळात करार कच्चे असत, कित्येकदा नसतच. साइनिंगला थोडे पैसे, उरलेले हप्त्याहप्त्याने, आणि शेवटचा हप्ता बुडण्याची धास्ती कायमची. पण चित्रपट लागायचा तो एक शुक्रवार असायचा. पोस्टर लागलेली, जाहिराती सुटलेल्या, थिएटरं ठरलेली. त्या आठवड्यात निर्मात्याला कसलंही झेंगट नको असे. महामंडळाकडे अर्ज गेला किंवा संघटनेतून कुणाचा फोन गेला की बुधवार-गुरुवारी चेक निघायचा. शुक्रवार हाच आमचा वसुली अधिकारी होता.

ओटीटीने तो शुक्रवार काढून घेतला. चित्रपट तयार होतो, मास्टर म्हणजे अंतिम प्रत प्लॅटफॉर्मकडे जाते, क्यूसीत म्हणजे तांत्रिक तपासणीत दोन-चारदा परत येते, शेवटी पास होते आणि मग चित्रपट महिनोन्‌महिने कुठेतरी पडून राहतो. तारीख प्लॅटफॉर्म ठरवतो. एखाद्या रात्री बारा वाजता चित्रपट लागलेला असतो. तोवर निर्मात्याचा माल देऊन झालेला असतो, मग अडवायचं काय? माझ्या एका डिजिटल चित्रपटाचा शेवटचा हप्ता करारात ‘प्लॅटफॉर्मकडून अंतिम पेमेंट आल्यापासून ९० दिवसांनी’ असा लिहिलेला होता. ते पेमेंट कधी आलं, आलं की नाही, हे विचारायचा अधिकार त्याच कराराने मला दिलेला नव्हता. लोक चित्रपट बघत होते, अभिनंदनाचे मेसेज येत होते आणि मी अकाउंट्सच्या माणसाला फोन लावत बसलो होतो. मालिकांतली ९० दिवसांची उधारी आपल्याला नवी नाही. पण मालिकेचा एपिसोड कधी दाखवला गेला याची तारीख तरी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असते.

वेब मालिकांत तर पैसे टप्प्याटप्प्याने. संकल्पना, बायबल (पात्रं आणि कथानकाचा आराखडा), पायलट (पहिला भाग), पहिला खर्डा, दुसरा खर्डा, आणि प्रत्येक टप्प्याचे पैसे तो टप्पा ‘मंजूर’ झाल्यावर. ज्या क्रिएटिव्ह टीमने काम दिलं तिच्यातले लोक मधेच नोकरी बदलतात. नवे लोक येतात, त्यांना मुळात गोष्टच आवडलेली नसते. लेखक तिसऱ्या खर्ड्यावर अडकतो आणि दुसऱ्याचे पैसेही अडकतात.

आता करारातल्या त्या परिच्छेदाकडे येतो जो सगळे सहीच्या घाईत उलटून जातात. तो इंग्रजीत असतो. त्याचा मराठीत मथितार्थ असा : आज असलेल्या आणि पुढे शोध लागेल त्या सर्व माध्यमांत, साऱ्या विश्वात, कायमसाठी, सर्व हक्क निर्मात्याचे; लेखकाला दिलेली एकरकमी रक्कम हाच संपूर्ण आणि अंतिम मोबदला; यापुढे लेखक कोणतीही रॉयल्टी मागणार नाही. (विश्व म्हणजे खरोखरीच विश्व. उद्या मंगळावर वस्ती झाली तर तिथल्या पडद्याचे हक्कही आपल्यातले बरेच जण आजच देऊन बसलेत.)

यातलं शेवटचं वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि ती त्याच वर्षीच्या २१ जूनपासून लागू आहे. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि गीतकार-संगीतकारांची बाजू त्यांनी जोरात मांडली होती, म्हणून आपल्यातल्या अनेकांच्या डोक्यात हा गाण्यांचाच कायदा होऊन बसला आहे. प्रत्यक्षात कलम १८ आणि १९ मध्ये चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीचाही उल्लेख आहे, आणि पटकथा-संवाद ही साहित्यकृतीच. चित्रपट थिएटरात दाखवणं सोडून इतर कुठल्याही प्रकारे ती कृती वापरली गेली तर रॉयल्टीत लेखकाचा बरोबरीचा वाटा आहे. हा हक्क वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बाकी कुणालाही देता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. तसा सोडून दिल्याचा करार केला तरी तो रद्दबातल.

कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा सॅटेलाइट चॅनेल, डीव्हीडी आणि कॉलर ट्यून असणार. पण शब्दरचना अशी झाली की थिएटर वगळता सगळं आत आलं. थेट ओटीटीवर लागलेल्या चित्रपटाची सगळी कमाई यात येते आणि थिएटरनंतर ओटीटीवर गेलेल्या चित्रपटाची ओटीटीची कमाईसुद्धा. एप्रिल २०२३ मध्ये एफएम रेडिओ कंपन्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देताना याच दुरुस्तीचा आधार घेऊन गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क मान्य केला. म्हणजे हा हक्क नुसता कागदावरचा राहिलेला नाही.

मग पैसे का येत नाहीत? गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही त्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था आहे. २०१७ मध्ये तिची कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी झाली आणि गाण्यांचे पैसे निदान एका वाटेने वाहू लागले. पटकथेला अशी रुळलेली वाट नाही. शिवाय निर्मात्याला प्लॅटफॉर्मकडून मिळते ती एकरकमी लायसन्स फी. त्यात रॉयल्टी नावाची ओळच नसते. ‘आम्हालाच रॉयल्टी नाही, तुला कुठून देऊ?’ या उत्तरावर संभाषण संपतं. खरं तर कायद्यात रॉयल्टीबरोबर ‘मोबदला’ही म्हटलेला आहे. पण मराठी चित्रपटाच्या लेखकाचं एकूण मानधन आणि उच्च न्यायालयातल्या वकिलाची फी यांचा मेळ घालून बघा, म्हणजे एवढ्यावर कोर्टात कुणी का जात नाही ते कळेल. एकदा कोर्टात गेलेल्या लेखकाला पुढचं काम कोण देणार, हा हिशेब वेगळाच.

लेखकाला कायद्याने निदान हात दिला आहे. दिग्दर्शक, कॅमेरामन, संकलक, ध्वनिसंयोजक यांना तोही नाही. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. ज्याने शॉट लावला तो नाही आणि ज्याने तो कापला तोही नाही. या सगळ्यांना जे काही मिळायचं ते करारातूनच. कलाकारांची गोष्ट अधेमधे आहे. कलम ३८-अ म्हणतं की एकदा लेखी संमती दिल्यावर निर्मात्याच्या वापराला कलाकाराने हरकत घ्यायची नाही, पण व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क त्याला आहे. आणि यात एक बारीक गोम आहे, जिच्याकडे ज्युनिअर आर्टिस्ट आणि छोट्या भूमिका करणाऱ्यांचं लक्ष वेधायला हवं. ज्याचं काम किरकोळ आणि ज्याचं नाव रिवाजाप्रमाणे श्रेयनामावलीत येत नाही, त्याला कायदा या हक्कांपुरता कलाकारच मानत नाही. नाव लागणं हा हौसेचा मामला राहत नाही, पुढे पैशावर दावा सांगता येईल की नाही हे त्याच्याशी जोडलेलं आहे. आणि आज ओटीटीवर श्रेयनामावली सुरू झाली की कोपऱ्यात आकुंचन पावते आणि पाच सेकंदांत पुढचा चित्रपट सुरू होतो. स्क्रीनवर किती वेळ टिकली हा मुद्दा सोडा, पण चित्रपटाच्या फाइलमध्ये ती पूर्ण असावी एवढा आग्रह महामंडळाने धरायलाच हवा.

निर्मात्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. मराठी निर्मात्याची अवस्था अनेकदा आमच्याहून वाईट असते, कारण आमचं मानधन बुडतं आणि त्याचं घर. २०२० च्या मार्चमध्ये थिएटरं बंद झाली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबरात अर्ध्या क्षमतेने उघडली, पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला कुठे पुन्हा उघडली. त्या काळात ओटीटीने हात दिला तेव्हा वाटलं की मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्सच्या शोसाठी करावी लागणारी वणवण संपली. एप्रिल २०२१ मध्ये चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवर लागला, व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार घेऊन आलेला मराठी चित्रपट एकाच दिवशी जगभर. तेव्हाचा उत्साह आठवा. पुढे प्लॅटफॉर्मवाल्यांनी हात आखडले. आता मराठी चित्रपटाला विचारलं जातं ते ‘थिएटरात किती केला?’ आणि त्यावर भाव ठरतो, किंवा भाव ठरतच नाही. ‘मिनिमम गॅरंटी (किमान ठरलेली रक्कम) नाही, जेवढे तास बघितला तेवढे पैसे’ अशी बोली लागते. सबटायटल, ध्वनीचे वेगळे ट्रॅक, क्यूसीच्या दुरुस्त्या हा खर्च निर्मात्याचा. खरेदीदारही आटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हायकॉम१८ आणि डिस्ने स्टार एकत्र झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं, एमएक्स प्लेयर ॲमेझॉनने घेतला. ठोठावायची दारंच कमी झाली की भाव कोण पाडतो हे निर्मात्यांना सांगायला नको.

पण म्हणूनच मला हे कोडं सुटत नाही, की तासांवर पैसे घ्यायला निर्माता तयार झाला, म्हणजे वाट्यावर आला, तर त्याच तासांतला वाटा लेखकाला आणि संकलकाला द्यायला तो का कचरतो? चित्रपट चालला नाही तर त्याला काहीच द्यायचं नाही. चालला तर द्यायचं. एकरकमी मानधन थोडं कमी करून पुढचा वाटा मान्य करणारे लेखक मला ठाऊक आहेत. अडतं ते एका गोष्टीवर : किती तास बघितला गेला हे आम्हाला दाखवायची तयारी नसते, आणि बऱ्याचदा ते निर्मात्यालाही धड दाखवलं जात नाही.

अमेरिकेत २०२३ मध्ये लेखक १४८ दिवस संपावर बसले, नट-नट्या ११८ दिवस. बातम्यांत आपण एआयचं वाचलं. पण लेखकांच्या पदरात पडलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. मोठ्या बजेटची मालिका किंवा चित्रपट पहिल्या ९० दिवसांत तिथल्या वर्गणीदारांपैकी २० टक्के किंवा जास्त लोकांनी बघितला तर लेखकाला ठरलेला बोनस. त्यासाठी किती तास बघितलं गेलं याचे आकडे संघटनेला द्यायचे, गुप्ततेच्या अटीवर. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने आपल्या १८ हजारांहून जास्त चित्रपट-मालिकांच्या सहा महिन्यांच्या तासांची यादी जाहीर केली. म्हणजे आकडे असतात, मोजलेले असतात, देताही येतात. आपल्याला तिकडच्यासारखा संप जमणार नाही हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे संप म्हटलं की कुणाचा तरी मामेभाऊ कमी पैशात काम करायला उभा असतो. पण आकडे संघटनेकडे गुप्त ठेवण्याची तोड तर आपल्यालाही उचलता येईल.

करारात लिहिलेलं असलं की काय होतं याचं ताजं उदाहरण मुंबईतलंच आहे. मे २०२५ मध्ये ‘भूल चूक माफ’ या हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांनी थिएटरची तारीख एक दिवस आधी रद्द करून तो थेट ओटीटीवर लावायचं जाहीर केलं. पीव्हीआर-आयनॉक्स मुंबई उच्च न्यायालयात गेली. थिएटरात लागल्यापासून आठ आठवडे दुसरीकडे दाखवायचा नाही असं करारात होतं आणि न्यायालयाने ओटीटीचं प्रदर्शन रोखलं. मग तडजोड झाली आणि चित्रपट २३ मेला थिएटरात आला. मल्टिप्लेक्सने आठ आठवडे कागदावर घेतले होते म्हणून तिला थांबवता आलं. त्याच चित्रपटावर राबलेल्या माणसांना थिएटर काय आणि ओटीटी काय, विचारायचं कारणच कुणाला पडलं नाही.

आता पायरसी. माझं म्हणणं ‘वाटा नाही तर पायरसी होऊ दे’ असं कुणी वाचू नये. चोरी ती चोरीच. पण ओटीटीने चोरीची जातच बदलली आहे हे लक्षात घ्यायला हवं. पूर्वी थिएटरात मोबाइल धरून काढलेली कॉपी असायची, आडवी-तिडवी, मधून कुणाचं तरी डोकं जाणारं, आवाजात पॉपकॉर्नची पिशवी. ती बघून वैतागलेला माणूस निदान पुढच्या आठवड्यात तिकीट काढायची शक्यता होती. ओटीटीवर चित्रपट आला की काही तासांत स्वच्छ एचडी प्रिंट टेलिग्रामवर येते, सबटायटलसकट. ती बघितलेला माणूस पुन्हा कशाला येईल? त्यामुळे थिएटर आणि ओटीटी यांतलं अंतर जितकं कमी, तितकं थिएटरचं नुकसान जास्त. तालुक्याच्या गावात, जिथे दोन पडद्यांचं थिएटर तिसऱ्या आठवड्यात मराठी चित्रपट लावतं, तिथे तोवर तो मोबाइलच्या दुकानात पेनड्राइव्हवर मिळायला लागलेला असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट कंपन्यांची संघटना यांच्या अहवालात भारतातल्या पायरसीची उलाढाल २०२३ साठी २२,४०० कोटी रुपये सांगितली होती, त्यात थिएटरच्या चित्रपटांची १३,७०० कोटी आणि ओटीटीची ८,७०० कोटी. असे आकडे कसे काढतात याबद्दल मला शंका आहे. पण अर्ध्यावर सोडले तरी मराठी सिनेमाच्या मानाने ते प्रचंडच आहेत.

कायदा कमी नाही. आपल्या राज्यात तर झोपडपट्टीगुंड आणि हातभट्टीवाल्यांच्या रांगेत व्हिडिओ पायरेट बसवून त्याला स्थानबद्ध करायची सोय २००९ पासून आहे. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. चोरून चित्रीकरण किंवा प्रसारण केलं तर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड, जास्तीत जास्त निर्मितीच्या ऑडिट झालेल्या खर्चाच्या ५ टक्के. दोन कोटींच्या मराठी चित्रपटाला हा दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. (‘ऑडिट झालेल्या’ या अटीवर काही निर्मात्यांनी चेहरा गंभीर केला असेल, पण ते त्यांचं त्यांनी बघावं.) दिल्ली उच्च न्यायालयात २०१९ पासून डायनॅमिक इंजंक्शन मिळतात, म्हणजे एक साइट बंद केली आणि ती दुसऱ्या नावाने उघडली तरी पुन्हा नवा दावा लावायला नको. हा रस्ता बहुतेक मोठे स्टुडिओ आणि क्रिकेटचं प्रसारण घेणारे चालतात. मराठी निर्मात्याला दिल्लीच्या वकिलाची फी देण्यापेक्षा एक जास्तीचा आठवडा थिएटर धरून ठेवणं स्वस्त पडतं.

पण याच सगळ्यात एक दार स्वस्त आहे आणि आपण ते वापरत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने पायरसीच्या तक्रारींसाठी सेन्सॉर बोर्डात आणि पीआयबीमध्ये (केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयात) नोडल अधिकारी नेमले. कॉपीराइटधारकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने तक्रार केली तर ४८ तासांत लिंक काढायला लावण्याची व्यवस्था. कोर्ट नको. बाहेरच्या माणसालाही तक्रार करता येते, पण मग खरा-खोटा तपास होतो आणि वेळ जातो. म्हणजे गाठ पुन्हा ‘अधिकार दिलेला’ या दोन शब्दांशी. रात्री दोन वाजता लिंक सापडते सहायकाला. निर्माता झोपलेला, त्याच्या ऑफिसात पायरसीसाठी वेगळा माणूस नाही, दोन दिवसांनी कुणीतरी मेल करतं. तोवर ज्याला बघायचा त्याने बघून झालेला असतो.

इथेच महामंडळाने हात घालावा. चित्रपटाच्या नोंदणीच्या वेळीच निर्मात्याकडून महामंडळाच्या नावे अधिकारपत्र घ्या. कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई, जिथे सोयीचं पडेल तिथे एक माणूस आणि एक मेल आयडी ठेवा. युनिटमधल्या कुणालाही लिंक दिसली की ती तिथे. तिथून सकाळ होण्याआधी नोडल अधिकाऱ्याकडे. यासाठी कुठलाही कायदा बदलायला नको, परिषद भरवायला नको. आणि ही राखण आम्ही करू, रात्री जागून करू, पण करारात वाटा असेल तर.

परदेशातल्या मराठी माणसांबद्दल थोडं. न्यू जर्सी, लंडन, दुबई इथल्या मंडळांत मराठी चित्रपटाचे रविवारचे खेळ होतात, लोक जेवणाच्या डब्यासह येतात, तिकीटही काढतात. पण ज्या चित्रपटाचे जगभराचे हक्क प्लॅटफॉर्मने घेतले तो चित्रपट तिथे लावताच येत नाही, आणि खुद्द प्लॅटफॉर्म तो त्या देशात दाखवतच नाही. मग माणूस काय करतो? मेव्हण्याला मेसेज टाकतो, ‘लिंक आहे का रे?’ पैसे देऊन बघायला तयार असलेल्या माणसाला आपणच चोर करून ठेवलाय. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९(४) प्रमाणे घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो आपोआप परत जातो, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. सगळ्या करारांत वेगळं लिहिलेलं असतं. ते वेगळं काय असतं हे एकदा महामंडळाच्या वकिलाकडून वाचून घ्यावं.

नव्वदच्या दशकात निगेटिव्हसकट विकल्या गेलेल्या मराठी चित्रपटांचं पुढे काय झालं ते तुमच्यातल्या ज्येष्ठांना माहीत आहे. त्यातले कित्येक आज यूट्यूबवर लाखो लोक बघतात, जाहिरातीचे पैसे कुठल्या तरी कंपनीत जातात, आणि ज्यांच्या विनोदांवर आजही लोक हसतात त्या नटांना एक पैसा जात नाही. तेव्हा यूट्यूब कुणाला माहीत नव्हतं हे कबूल. आज मात्र सगळं माहीत असताना आपण तोच व्यवहार नव्या कागदावर करतो आहोत.

आता मागणी. महामंडळाने एक नमुना करार काढावा, आणि तो मराठीत काढावा. सही करणाऱ्याला समजेल असा. लेखकासाठी कायद्यातला बरोबरीचा वाटा त्यात आकड्याने लिहिलेला असू दे. दिग्दर्शक, कॅमेरामन, संकलक, ध्वनी आणि मुख्य कलाकार यांच्यासाठी थिएटरबाहेरच्या कमाईचा छोटा का होईना टक्का राखून ठेवावा, निर्मात्याचा खर्च वसूल झाल्यानंतरचा असला तरी चालेल. शेवटचा हप्ता प्लॅटफॉर्मच्या पेमेंटशी न जोडता मास्टर दिल्याच्या तारखेशी जोडावा, कारण तो कागद आमच्यासमोर घडतो. तासांचे आकडे निर्मात्याला मिळतील ते महामंडळाकडे गुप्त म्हणून यावेत. वर्षभर न दाखवलेल्या देशाचे हक्क परत यावेत. रोजंदारीवरच्या लोकांसाठी वेगळी कलमं लागतील, आणि त्यासाठी आता आधारही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ऑडिओ-व्हिज्युअल कामगार हा वर्ग धरलेला आहे, त्यात वेब मालिका आहेत, आणि ठराविक मोबदल्यापर्यंतच्या लोकांना लेखी कराराशिवाय कामाला घेता येत नाही. लाइटमनच्या हातात कागद द्यायची ही चांगली संधी आहे.

सक्ती कशी करणार, असं तुम्ही विचाराल. नुसता नमुना वेबसाइटवर टाकून काही होणार नाही हे मलाही कळतं. पण दोन जागा आहेत. शीर्षकाची नोंदणी तुमच्याकडे होते. नमुना करारातली चार कलमं मान्य असल्याची निर्मात्याची सही त्याच अर्जावर घ्या. दुसरी जागा सरकारची. दर्जेदार मराठी चित्रपटांना राज्य सरकार अनुदान देतं, अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख हे आकडे आपल्याला वर्षानुवर्षं पाठ आहेत. जनतेच्या पैशातून अनुदान घेणाऱ्या निर्मात्याने लेखक-तंत्रज्ञांची देणी फेडल्याचं आणि ओटीटीचा वाटा करारात ठेवल्याचं पत्र जोडावं, एवढी अट सांस्कृतिक कार्य विभागाकडून घालून घ्या. अनुदानासाठी धावपळ करताना मराठी निर्माता किती कागद जोडतो ते बघितलंय, अजून एकाने त्याचं काही बिघडत नाही.

मी आणि आणखी काही सभासदांनी वकिलाच्या मदतीने या कराराचा कच्चा मसुदा केला आहे. तो वेगळ्या पाकिटातून कार्यालयाकडे पाठवतो आहे. निर्माता विभागाच्या प्रतिनिधींनी आधी वाचावा, ज्या कलमाला हरकत आहे तिथे शेरा मारावा आणि येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो पहिल्या पाच विषयांत घ्यावा. शेवटच्या विषयापर्यंत सभेत कोण थांबतं हे आपण सगळेच जाणतो.

आपला,
महामंडळाचा एक सभासद
(पटकथा-संवाद लेखक, मुंबई)